चाई पडलीय? किडा शोधू नका!

केसांत हात फिरवताना एक दिवस बोटाला अचानक गुळगुळीत कातडी लागते. रुपयाच्या नाण्याएवढी. दुखत नाही, खाजत नाही, पण झोप मात्र उडते. आपल्याकडे याला चाई म्हणतात. ती का पडते? केस परत येतात का? आणि आपल्या वर्गात कुणाला असेल तर आपण तोंड कधी उघडायचं, कधी मिटायचं?

शेवटच्या बाकावर बसणारे सगळेच टवाळ नसतात. काही जण तिथे बसतात, कारण मागे भिंत असते. भिंत तुमच्या डोक्याकडे टक लावून बघत नाही आणि शेजारणीला कोपर मारून 'ते बघ ना' असंही म्हणत नाही.

माझी हॉस्टेलची रूममेट सेकंड इयरला जवळपास वर्षभर अशी मागे बसली. त्याआधी ती पहिल्या बाकावरची. परीक्षेच्या आदल्या दिवशी निम्मा वर्ग तिच्या वह्यांचे फोटो मागायचा, त्यातली. पंख्याखालची जागा तिने घेणं बंद केलं. एप्रिल-मे मध्येसुद्धा! टू-व्हीलरवर मागे बसायची तर स्कार्फ घट्ट आवळून. पुण्यात स्कार्फवाल्या मुलीला कुणी 'का गं' विचारत नाही, हे एक बरं. गणपतीच्या आधी ती ढोलपथकात गेली, तेव्हा आम्हाला वाटलं, हिला ढोलाचं वेड लागलं. खूप नंतर म्हणाली, "फेटा बांधला की चार तास टेन्शन नाही."

तिच्या उजव्या कानाच्या मागे केसांच्या आत एक गोल जागा एकदम साफ झाली होती. मग तशाच आणखी दोन. 'नाव छापायचं नाही' या अटीवर तिने मला हे सगळं लिहायला परवानगी दिली आहे. दुसरी अट होती, "बिच्चारी वगैरे लिहू नकोस." म्हणून नाही लिहीत.

किडा कुठे आहे?

सुट्टीत ती घरी गेली, तर घरच्यांचं निदान तयारच होतं. डोक्यात केस खाणारा किडा असतो आणि तो रात्री केस कुरतडतो. मावशीच्या मते झुरळ चाटून गेलं. शेजारच्या काकूंना खात्री होती, की हिने हॉस्टेलवर दुसऱ्याचा कंगवा वापरला. एका नातेवाइकाने आणखी पुढे जाऊन, "लग्न जमायचंय अजून, कुठे बोलू नका," असा सल्लाही दिला.

तुमच्याही घरात यातलं एखादं वाक्य ऐकलं असेलच. म्हणून आधी हे स्पष्ट करू, की चाईमध्ये किडा नसतो. झुरळ, पाल, कंगवा, दुसऱ्याची उशी, हॉस्टेलचं पाणी यांपैकी कुणीही आरोपी नाही. चाई एकाची दुसऱ्याला होत नाही. मिठी मारून नाही, एक टॉवेल वापरून नाही, एकच हेल्मेट घालूनही नाही.

डॉक्टर तिला अ‍ॅलोपेशिया एरियाटा म्हणतात. अ‍ॅलोपेशिया हा शब्द ग्रीक भाषेत कोल्ह्यावरून आला आहे. खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस जागोजागी जातात, त्यावरून. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'इंद्रलुप्त' नावाने केस जाण्याच्या आजाराचं वर्णन आहे. म्हणजे इन्स्टाग्राम, हार्ड वॉटर, स्ट्रेटनर यांच्या कितीतरी आधीपासून माणसाच्या डोक्यावर हे गोल पडतच आलेत. 'तुमच्या पिढीचं खाणंपिणंच तसलं' असं म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही.

आणि ही गोष्ट दुर्मिळही नाही. आयुष्यात कधी ना कधी चाई पडण्याची शक्यता साधारण दोन टक्के असते. म्हणजे पन्नासातला एक. तुमच्या लेक्चर हॉलमध्ये शंभर जण बसत असतील, तर त्यातल्या दोघांच्या वाट्याला ती कधीतरी येऊ शकते. मुलगा-मुलगी असा भेद ती फारसा करत नाही. आणि पहिला गोल बहुतेकांना चाळिशीच्या आत दिसतो. बऱ्याच जणांना तर शाळा-कॉलेजच्या वयातच.

वॉचमननेच धरलं

मग होतं काय? किडा नाही, तर केस खातं कोण?

आपण स्वतःच. म्हणजे आपली रोगप्रतिकारशक्ती. तिचं काम सोसायटीच्या वॉचमनसारखं. बाहेरचा कुणी घुसला की अडवायचं. पण कधी कधी वॉचमन सोसायटीतल्याच माणसाला चोर समजून धरतो. या प्रकाराला ऑटोइम्यून म्हणतात. थायरॉइडचे काही आजार, टाइप १ डायबेटिस, कोड, संधिवाताचा एक प्रकार हे सगळे याच जातकुळीतले. चाईमध्ये वॉचमन केसाच्या मुळाची कॉलर पकडतो.

इथे एक भारी गोष्ट आहे. केस जोमाने वाढत असतो, तेव्हा त्याच्या मुळाला या वॉचमनपासून खास सूट मिळालेली असते. 'इकडे फिरकायचं नाही' अशी पाटीच म्हणा ना. अशी सूट शरीरात फार थोड्या जागांना आहे. डोळ्याचा आतला भाग त्यातला एक. चाईमध्ये ही पाटी गळून पडते. 'टी पेशी' नावाच्या पांढऱ्या पेशी मुळाभोवती गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जशा दिसतात त्याला डॉक्टर मधमाश्यांच्या थव्याची उपमा देतात. आपण सरळ मोहोळ उठलं म्हणू. या मोहोळाने घाबरून मूळ आपलं काम आवरतं घेतं आणि केस सुटतो.

पण मूळ मरत नाही. हे वाक्य तुम्ही लाल पेनाने अधोरेखित करा. भाजल्यावर किंवा खोल जखम झाल्यावर जिथे व्रण येतो, तिथलं केसाचं मूळच नाहीसं होतं, मग केस येत नाही. चाईत तसं नसतं. मूळ आत दडी मारून बसलेलं असतं. मोहोळ शांत झालं, की ते पुन्हा कामाला लागू शकतं. सहा महिन्यांनी, कधी कधी कित्येक वर्षांनीसुद्धा. म्हणूनच एक-दोन लहान गोल असलेल्या पुष्कळ जणांचे केस वर्षभरात आपले आपण परत येतात. औषध घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी.

परत येताना बऱ्याचदा ते पांढरे येतात. आधी मऊ लव, मग हळूहळू काळा रंग. माझ्या रूममेटला पहिल्यांदा ती पांढरी लव दिसली, तेव्हा ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आजीचे केस आलेत मला!" आणि त्या दिवशी मेसमध्ये तिने सगळ्यांना आइसक्रीम दिलं. कारण काय, ते आमच्या टेबलवर दोघींनाच माहीत होतं.

हे पांढऱ्या केसांचं प्रकरणही मजेशीर आहे. चाईचा रोख मुख्यतः रंग असलेल्या केसांवर असतो, पांढरे केस तिच्या तावडीतून बऱ्याचदा सुटतात. १७९३ मध्ये गिलोटिनवर जाण्याआधी फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे केस एका रात्रीत पांढरे झाले, अशी दंतकथा आहे. आता एकदा उगवलेला केस रात्रीतून पांढरा व्हायचा नाही. पण मिश्र केसांच्या डोक्यावरचे काळे केस झपाट्याने गळाले आणि पांढरे तेवढे राहिले तर? बघणाऱ्याला वाटेल, रात्रीत पिकले! या दंतकथेचं एक संभाव्य उत्तर म्हणून चाईकडे बोट दाखवलं जातं.

सगळं टक्कल एक नसतं

आयुष्मान खुरानाचा 'बाला' आठवतो? तो २०१९ चा. त्यातल्या हिरोचं कपाळ मागे मागे सरकत जातं. ते अनुवांशिक आणि हार्मोनमुळे येणारं टक्कल, त्याचा चाईशी संबंध नाही. डेंग्यू, टायफॉइड, कोविड किंवा क्रॅश डाएटनंतर दोन-तीन महिन्यांनी कंगवा भरून केस येतात, तेही वेगळं. त्यात सगळ्या डोक्यावरचे केस विरळ होतात, गोल पडत नाहीत. आणि तसं तर रोज पन्नास ते शंभर केस प्रत्येकाचेच गळतात. डोक्यावर लाखभर असतात, त्यातले एवढे जाणारच. बाथरूमच्या जाळीत केस दिसले म्हणून लगेच छातीवर हात नको.

गोंधळ होतो तो बुरशीशी. डोक्यातल्या नायट्यानेही गोल पडतात. पण तिथे खपल्या असतात, खाज असते, केस मध्येच तुटलेले दिसतात. लहान मुलांत तो जास्त दिसतो, आणि तो मात्र एकाकडून दुसऱ्याला जातो. चाईचा गोल बहुधा गुळगुळीत, तळहातासारखा. त्याच्या कडेला नीट पाहिलं, तर काही आखूड केस वर जाड आणि खाली बारीक दिसतात, थेट उद्गारचिन्हासारखे! त्वचारोगतज्ज्ञ हे भिंगातून शोधतात. नखंही बघतात. काही जणांच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात. केसांसाठी गेलेल्या माणसाला डॉक्टर हात पुढे करायला सांगतात, तेव्हा आश्चर्य वाटून घेऊ नका.

टकलाचं कारण न शोधता नाव ठेवलं की काय होतं, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिलंय. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं हादरली. माणसांचे केस काही दिवसांत हातात यायला लागले. बायका, मुलं, म्हातारी माणसं, सगळेच. बातम्यांनी लगेच 'टक्कल व्हायरस' असं नाव ठोकून दिलं. प्रत्यक्षात तपासणीत लोकांच्या रक्तात सेलेनियमचं प्रमाण जास्त आढळलं. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. व्हायरस नाही आणि चाईही नाही! पण तोवर त्या नावाने आपलं काम केलं होतं. बाहेरची माणसं या गावच्या लोकांपासून दूर राहायला लागली. केसांपेक्षा नावाचा त्रास जास्त.

कांदा, लसूण आणि गुंज

आता उपाय. तुम्ही कुणालाही चाईचं सांगा, पाच मिनिटांत पाच उपाय मिळतात. रूममेटच्या मावशीने लसूण ठेचून रात्रभर बांधून ठेवायला लावला. सकाळी केस नव्हते ते नव्हतेच, वर फोड आला. लसणाने कातडी खरंच भाजते. गुंज उगाळून लावायचा उपाय गावोगाव सांगितला जातो. गुंजेची बी विषारी असते, त्यामुळे हा प्रयोग घरी अजिबात नको. बिब्ब्याचंही तेच.

कांद्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी, आणि प्रामाणिकपणे सांगायची तर ती पूर्ण सांगायला हवी. २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी चाईवर कांद्याचा रस लावून पाहिलेला प्रयोग छापून आला. रस लावणाऱ्या २३ जणांपैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले. नुसतं पाणी लावणाऱ्या १५ जणांपैकी दोघांना. ऐकायला जबरदस्त! मॉलमध्ये कांद्याच्या तेल-शाम्पूची जी रांग लागलेली दिसते, तिला अशा बातम्यांचं बळ असतं. पण २३ माणसं म्हणजे आमच्या प्रॅक्टिकलची एक बॅच. आणि ज्या आजारात केस आपले आपण परत येतात, तिथे कुठल्याही गोष्टीला श्रेय मिळू शकतं. कांद्याला, नवसाला, शाम्पू बदलण्याला. एवढ्या छोट्या प्रयोगावरून औषध ठरत नाही. कांद्याची बाटली घेण्याआधी एवढं लक्षात ठेवा, बाकी पैसे तुमचे.

आणि सगळ्यात लोकप्रिय उपाय, 'टेन्शन घेऊ नको.' हा सल्ला फुकट असतो म्हणून तो सगळेच देतात. ताणाचा आणि चाईचा संबंध अनेक रुग्ण सांगतात, पण संशोधनात तो पक्का सिद्ध झालेला नाही. कित्येकांना गोल पडण्याआधी काहीही ताण नसतो. उलट गोल पडल्यावर येतो तो खरा. ज्याच्या डोक्यावरचे केस चाललेत त्याला 'तूच टेन्शन घेतोस म्हणून होतंय' असं म्हणणं म्हणजे आजारपणाचं बिलही त्याच्याच खिशात घालणं आहे.

डॉक्टर काय करतात?

डॉक्टर म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ. सलूनवाला नाही, 'हेअर क्लिनिक'चा काउन्सेलर नाही आणि रीलमधला पांढरा कोटही नाही. सरकारी रुग्णालयं आणि मेडिकल कॉलेजमध्ये स्किन ओपीडी असते. तिथे रांग असते हे खरं, पण निदान नीट होतं. बरेचदा डॉक्टर थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात, कारण एक वॉचमन बिघडला, तर दुसराही बिघडलेला असू शकतो.

मोजके गोल असतील, तर सगळ्यात रुळलेला उपाय म्हणजे त्या जागी स्टेरॉइडची छोटी छोटी इंजेक्शनं. सुई अगदी बारीक, पण टोचण्या बऱ्याच. दर चार ते सहा आठवड्यांनी. काम एकच, मोहोळ शांत करणं. काहींच्या त्या जागी कातडी जराशी खोलगट होते, बहुधा ती नंतर भरते. सोबत लावायचं स्टेरॉइड, मिनॉक्सिडिल वगैरे. 'स्टेरॉइड' ऐकून घरचे घाबरतात. हे जिममधलं स्टेरॉइड नव्हे. मात्र मेडिकलमधून स्वतःच ट्यूब आणून महिनोन् महिने चोळणं हाही शहाणपणा नाही.

आणखी एक उपचार ऐकायला उफराटा आहे. टाळूवर मुद्दाम अ‍ॅलर्जी आणणारं रसायन अगदी पातळ करून लावतात. वॉचमन त्या नव्या भांडणाकडे वळतो आणि केसाची कॉलर सोडतो, असा साधारण हिशोब. हे डॉक्टरांच्या हातूनच करायचं.

पण ज्यांचं निम्म्याहून जास्त डोकं रिकामं झालंय, किंवा भुवया-पापण्यांसकट सगळंच गेलंय, त्यांच्यासाठी अनेक वर्षं हातात फारसं काही नव्हतं. थोड्या रुग्णांची चाई इतकी पसरते. ही वाट कशी उघडली, ते सांगायचा मोह मला आवरत नाहीये.

अँजेला क्रिस्टियानो या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या जनुकशास्त्रज्ञ. १९९५ च्या सुमारास त्यांच्याच डोक्यावर चाई पडली. बाई संशोधक! त्यांनी आपला आजारच अभ्यासाला घेतला. २०१० मध्ये त्यांच्या गटाने चाईशी जोडलेली जनुकं 'नेचर' या नियतकालिकात मांडली. त्यातली कित्येक जनुकं टाइप १ डायबेटिस आणि संधिवाताच्या घरातली निघाली. त्यातून पुढे प्रश्न आला, की संधिवाताचं औषध इथे चालेल का? त्यांच्या गटाने उंदरांवर आणि काही रुग्णांवर तशी औषधं वापरून पाहिली, केस आले. २०१४ मध्ये येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एका पंचविशीतल्या तरुणाची हकिगत छापली. त्याच्या अंगावर एकही केस नव्हता. सोरायसिसही होता म्हणून त्याला टोफासिटिनिब नावाचं संधिवाताचं औषध दिलं. काही महिन्यांत त्याला डोक्यावर केस आले, भुवया आल्या, पापण्या आल्या, दाढीसुद्धा आली.

या औषधांच्या कुटुंबाला 'जॅक इनहिबिटर' म्हणतात. टी पेशींना 'हल्ला करा' असा जो निरोप जातो, त्याची वायर ती तोडतात. त्यातलं बॅरिसिटिनिब १२०० रुग्णांवर तपासलं गेलं. हे सगळे निम्म्याहून जास्त केस गेलेले होते. ३६ आठवड्यांनी, जास्त डोस घेणाऱ्यांपैकी साधारण ३५ ते ३९ टक्के लोकांचं डोकं ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त भरलं. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३ ते ६ टक्के होतं. जून २०२२ मध्ये अमेरिकेने या औषधाला तीव्र चाईसाठी मान्यता दिली. पुढच्या वर्षी रिटलेसिटिनिब आलं, ते बारा वर्षांपासून पुढच्या मुलांसाठीही.

आता थोडं थंड पाणी. ३९ टक्के म्हणजे शंभरातल्या एकसष्ट जणांना तेवढा फायदा नाही झाला. औषध थांबवलं, की अनेकांचे केस पुन्हा जातात. जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, कॅन्सर यांबद्दलचे गंभीर इशारे या औषधांच्या पाकिटावर असतात. आधी तपासण्या आणि नंतरही अधूनमधून रक्त देत राहणं आलं. एका गोलासाठी हे औषध मागायला जाऊ नका. डॉक्टर देणार नाहीत, आणि नाही दिलं तर डॉक्टर चांगले आहेत असं समजा.

पंख्याची भीती

२०२२ च्या ऑस्करमधली ती थप्पड तुम्ही पाहिलीच असेल. ख्रिस रॉकने जेडा पिंकेट स्मिथच्या बारीक कापलेल्या केसांवर विनोद केला आणि विल स्मिथने स्टेजवर जाऊन त्याच्या कानाखाली लावली. जेडाने २०१८ मध्येच आपल्याला अ‍ॅलोपेशिया असल्याचं सांगितलं होतं. थप्पड चूक की बरोबर यावर आमच्या कॅन्टीनमध्ये अख्खा आठवडा वाद झाला. विनोद कशावर होता, याबद्दल कुणी विचारलं नाही.

मला या यादीतला आवडता माणूस मात्र दुसराच आहे. पिएरलुइजी कोलिना. फुटबॉलवाल्यांना नाव नाही, तरी चेहरा नक्की आठवेल. टक्कल, भुवया नाहीत, डोळे रोखलेले. 'प्रो एव्होल्यूशन सॉकर' या गेमच्या कव्हरवर झळकलेला रेफरी! चोविसाव्या वर्षी अ‍ॅलोपेशियाने त्याचे सगळे केस गेले. २००२ च्या वर्ल्ड कप फायनलला, ब्राझील विरुद्ध जर्मनी, शिट्टी त्याच्याच हातात होती. केस परत आले नाहीत. त्या डोळ्यांपुढे वाद घालायला रोनाल्डोचीही हिंमत होत नसावी, असं मला आपलं वाटतं.

पण प्रत्येकाला कोलिना व्हायचं नसतं, आणि कुणी व्हायलाच पाहिजे असंही नाही. माझ्या रूममेटचे केस सेकंड इयरच्या शेवटी पूर्ण भरले होते. थर्ड इयरला, नेमक्या प्लेसमेंटच्या आठवड्यात, कपाळाच्या वर नवा गोल आला. चाई अशी परत येते. हे तिला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी धक्का बसायचा तो बसलाच. पहिली फेरी ऑनलाइन होती, ती पार पडली. दुसऱ्या फेरीला समोर जाऊन बसायचं होतं. ती गेलीच नाही. "मला प्रश्नांची भीती नव्हती गं, पंख्याची होती," असं तिने मला त्या रात्री सांगितलं. ती नोकरी गेली. आता ती मास्टर्स करतेय, गोल निम्मा भरलाय, पुढच्या वर्षी पुन्हा प्लेसमेंट आहे.

चाई असलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं, हे अनेक अभ्यासांत आलंय. 'केसच तर आहेत' हे वाक्य म्हणूनच चालत नाही. केसच तर आहेत, तर मग शाम्पूच्या जाहिरातीत, लग्नाच्या बायोडेटात आणि ग्रुप फोटोत सगळ्यांचं लक्ष तिथेच का असतं? कॉलेजमध्ये समुपदेशक असेल, तर जा. नसेल, तर सरकारच्या 'टेली-मानस' हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि जर गोल तुमच्या मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या डोक्यावर दिसला, तर? चारचौघांत सांगू नका. एकटे असाल तेव्हा एकदाच, साध्या आवाजात सांगा. स्वतःच्या मानेवरची जागा माणसाला दिसत नाही, त्यामुळे कधी कधी सांगणं गरजेचंही असतं. माझ्या माहितीत एकाला हे पहिल्यांदा सलूनवाल्याने सांगितलं, तेही दुकान भरलेलं असताना. उपाय सुचवू नका, तो पाच ठिकाणांहून मिळालेला असतोच. ओपीडीला सोबत येऊ का, असं विचारलंत तर बहुधा 'हो' म्हणतील. इंजेक्शनच्या दिवशी सकाळचं लेक्चर बुडतं, तेव्हा प्रॉक्सीपेक्षा नोट्स जास्त कामाला येतात.

टोपी, स्कार्फ, विग, पेन्सिलने काढलेल्या भुवया, पूर्ण मुंडण, यातलं जे ज्याला बरं वाटेल ते त्याने करावं. उघड्या टाळूला सनस्क्रीन लावायचं मात्र विसरू नये, आपल्याकडचं ऊन कुणाचीच भीड ठेवत नाही. पापण्या गेल्या असतील, तर गाडीवर गॉगल हवाच, धूळ थेट डोळ्यात जाते.

ओपीडीला जाण्याआधी

पहिला गोल कधी दिसला, ते लिहून ठेवा. घरात कुणाला चाई, थायरॉइड, कोड, दमा आहे का, ते आईला विचारून जा. डॉक्टर विचारणारच. त्या दिवशी केसांना तेल, कांदा, काजळ, केस दाट दिसण्याची पावडर काही लावू नका. आणि दर महिन्याला गोलाचा एक फोटो काढा. त्याच खिडकीत, त्याच उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून. गोल वाढतोय की भरतोय, हे आरशात रोज बघून कळत नाही. नाण्याशी ताडून पाहिलं की कळतं.